परराष्ट्र खात्याचं एक कपाट

जानेवारी 2019 मधली गोष्ट. आमच्या वाचनालयात सकाळी पेपरांच्या टेबलावर ठरलेली मंडळी बसतात, त्यांत एक निवृत्त मास्तर आहेत. बातमी मोठ्यानं वाचायची त्यांची सवय, आणि ‘शांतता राखा’ ही पाटी नेमकी त्यांच्या डोक्यावर. त्या दिवशी त्यांनी वाचलेली बातमी अशी होती: अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीत भारताची थट्टा केली. मोदी मला सारखे सांगतात की आम्ही अफगाणिस्तानात लायब्ररी बांधली. आता त्याबद्दल आम्ही आभार मानायचे, आणि ती तिथं वापरतं कोण कुणास ठाऊक, असा एकंदर सूर. तुमचा तो खर्च म्हणजे आमचा तिथला पाच तासांचा खर्च, हेही वर.

टेबलावर लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, “बरोबरच बोललाय की. तिकडं गोळ्या सुटाय लागल्यात आणि पुस्तकं काय करायची?” दुसरा उसळला, “आपण धरण बांधलंय, संसदेची इमारत बांधून दिलीय, ते नाही दिसलं त्याला?” मास्तरांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, “ते असू दे. तुम्ही दोघं रोज इथं कशासाठी येता?” पेपर फुकट वाचायला मिळतो म्हणून, हे खरं उत्तर होतं, पण ते कुणी दिलं नाही.

एखादं सरकार दुसऱ्याच्या देशात लायब्ररीवर पैसे का घालतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. या विषयाला एक जड नाव आहे: सांस्कृतिक राजनय. नाव जड असलं तरी आत बसलेली गोष्ट आपल्या घरातली आहे.

सोयरीक जुळवताना बैठक बसते. देणंघेणं, तारीख, मानपान, सगळं त्या बैठकीत ठरतं. राजदूत आणि मंत्री करतात ते हे काम: करार, सीमा, व्यापार, शस्त्रं. पण सोयरीक बैठकीवर टिकत नाही. ती टिकते येण्याजाण्यावर. दिवाळीचा फराळ, बाळंतपणाला चार दिवस येऊन राहिलेली मावशी, शेजारून आलेली आमटीची वाटी. ती वाटी रिकामी परत करायची नसते हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. देशादेशांत हे येणंजाणं मुद्दाम घडवून आणायचं, भाषा, गाणं, सिनेमा, खेळ, शिष्यवृत्ती आणि पुस्तकं यांच्या वाटेनं, म्हणजे सांस्कृतिक राजनय. जोसेफ नाय या अमेरिकी अभ्यासकानं 1990 मध्ये ‘सॉफ्ट पॉवर’ हा शब्द रूढ केला, तोही याच्याच आसपासचा. दंडुका न दाखवता आणि पैसा न चारता समोरच्याला आपण हवेसे वाटावं, हे बळ.

या सगळ्या साधनांत ग्रंथालय वेगळं पडतं, आणि का ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितोय. नाचगाण्याचा कार्यक्रम पाठवला तर काय दाखवायचं ते पाठवणारा ठरवतो. सिनेमा महोत्सवाचंही तसंच. ग्रंथालयात मात्र कपाट भरण्यापर्यंतच देणाऱ्याची सत्ता. त्यापुढे कुठलं पुस्तक काढायचं, कितव्या पानावर सोडायचं आणि त्यातून काय समजून घ्यायचं हे सगळं वाचकाच्या हातात. म्हणून सरकारांना ग्रंथालयं हवीही असतात आणि त्यांचा धीरही सुटतो.

शिकायला पुण्यात होतो तेव्हा फर्ग्युसन रस्त्यावर ब्रिटिश कौन्सिलची लायब्ररी होती. आम्ही नुसतं ‘ब्रिटिश लायब्ररी’ म्हणायचो. मी पहिल्यांदा गेलो तो एसीसाठी, हे कबूल करून टाकतो. मे महिना, कॉट बेसिसवरची खोली, वर पत्रा. आत गेलं की घाम वाळायचा. महिनाभर नुसती क्रिकेटची मासिकं चाळली. मग एकदा बागकामाची पुस्तकं घेतली, कारण चित्रं सुंदर होती. ज्याच्याकडे साधी कुंडी नाही अशा मुलानं गुलाबाच्या छाटणीवर तीन पुस्तकं वाचली. राणीची थोरवी मला कुणी सांगितली नाही. उलट वसाहतींच्या लुटीचा हिशेब मांडणारी पुस्तकंही त्याच कपाटांत मिळाली. ब्रिटिश सरकारच्या पैशानं ब्रिटिश राजवटीला नावं ठेवणारं पुस्तक मी वर्गणी भरून घरी नेत होतो. इंग्रजांबद्दलचं माझं मत त्यामुळे बदललं का? राज्याबद्दलचं नाही. माणसांबद्दलचं थोडं बदललं. या धंद्यातली कमाई एवढीच असते, आणि ती कुठल्याच वार्षिक अहवालाच्या रकान्यात बसत नाही.

ब्रिटिश कौन्सिल 1934 मध्ये स्थापन झाली. युरोपात तेव्हा फॅसिस्टांचा प्रचार जोरात होता, त्याला उत्तर म्हणून. भारतात तिचं काम 1948 पासूनचं, म्हणजे राज्य गेल्याच्या पुढच्याच वर्षी. फौज जाते आणि लायब्ररी येते. यावर हवं तेवढं हसून घ्या, पण चाल हुशारीची होती. अमेरिकेच्या सरकारी पैशांतून परदेशात उभं राहिलेलं पहिलं ग्रंथालय 1942 मध्ये मेक्सिको सिटीत सुरू झालं, बेंजामिन फ्रँकलिनच्या नावानं. नाव निवडतानाही डोकं लावलं होतं, कारण वर्गणी काढून चालवायच्या वाचनालयाची कल्पना फिलाडेल्फियात 1731 मध्ये या फ्रँकलिनच्याच मंडळींनी रुजवली होती. पुढे बर्लिनमध्ये, सोव्हिएत कोंडीच्या काळात शहराला विमानानं धान्य आणि कोळसा पुरवल्यावर, अमेरिकेनं शहराला आठवण म्हणून दिलं ते पुतळा नव्हे, मुक्तद्वार वाचनालय. ते 1954 मध्ये उघडलं. मुक्तद्वार म्हणजे वाचकानं स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक काढायचं, खिडकीतून चिठ्ठी सरकवून वाट पाहत बसायचं नाही. आज आपल्याला ही साधी सोय वाटते. शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या माणसाला ती तशी वाटली नसणार.

सोव्हिएतांची रीत निराळी. त्यांनी इमारतींपेक्षा छापखान्यावर भर दिला. मॉस्कोच्या ‘मीर’, ‘प्रगती’ आणि ‘रादुगा’ या प्रकाशनांची पुस्तकं भारतीय भाषांत, मराठीतसुद्धा, तिथेच भाषांतर होऊन तिथेच छापून यायची आणि इथं लोकवाङ्मय गृहासारख्या दुकानांतून कवडीमोलानं विकली जायची. जाड कागद, पक्की बांधणी, एक वेगळाच वास. आज पन्नाशी ओलांडलेल्या अनेक मराठी वाचकांना रशियातला बर्फ, अस्वलं आणि आजीची चूल माहीत आहे ती त्या पुस्तकांमुळे. सोव्हिएत संघ 1991 मध्ये संपला. पुस्तकं मात्र अजून वाचनालयांच्या बालविभागात आहेत, दोन-तीनदा बाइंडिंग होऊन. देश बुडाला तरी त्याचा राजदूत कपाटात बसून राहिला, असा प्रकार.

पण मला सगळ्यात मजेशीर वाटते ती गव्हाची गोष्ट.

पन्नास आणि साठच्या दशकांत आपल्याकडे अमेरिकेचा गहू यायचा. घरातली म्हातारी माणसं तो ‘लाल गहू’ अजून विसरलेली नाहीत. 1954 च्या ज्या अमेरिकी कायद्याखाली तो यायचा त्याचं नाव पब्लिक लॉ 480, म्हणजे आपला पीएल 480. या व्यवहाराची मेख अशी की गव्हाचे पैसे भारतानं डॉलरमध्ये न देता रुपयांत द्यायचे आणि ते रुपये भारतातच खर्च व्हायचे. त्यामुळे अमेरिकेच्या खात्यावर इथं रुपयांचा ढीग साचला. करायचं काय त्याचं? 1958 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यातला काही पैसा अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ला पुस्तकं घ्यायला मोकळा झाला. 1962 मध्ये या ग्रंथालयाचं कार्यालय दिल्लीत उघडलं आणि भारतात छापलं जाणारं साहित्य, जवळपास सगळ्या भाषांतलं, विकत घेऊन जहाजांनी अमेरिकेला जाऊ लागलं. एकेका पुस्तकाच्या अनेक प्रती, वेगवेगळ्या विद्यापीठांसाठी. त्यांत मराठीही.

म्हणजे आपण भाकरीऐवजी चपाती खाल्ली आणि त्या चपातीच्या पैशातून शिकागोच्या कपाटात मराठी कवितासंग्रह जाऊन बसला. निर्मळ परोपकार म्हणून कुणी हे केलं नव्हतं. शीतयुद्ध होतं, भारत समजून घेण्याची अमेरिकेला गरज होती. पण परिणाम बघा. मराठी शिकायला आलेला अभ्यासक इथं दोन वर्षं राहतो आणि परत जातो; परत गेल्यावर हाताशी मराठी पुस्तक असेल तरच त्याचा अभ्यास टिकतो. ते पुस्तक तिथं होतं. आणि एखाद्या छोट्या प्रकाशकाची पाचशे प्रतींची आवृत्ती, जी इथं वाळवीनं आणि रद्दीवाल्यानं संपवली, ती तिकडं बारा महिने सारख्या गारव्यात जपलेली सापडते. वाटी परत आली, पण आमटी कुणाच्या घरात टिकली ते बघा! ते दिल्ली कार्यालय आजही चालू आहे.

आता धीर सुटण्याबद्दल. 1953 मध्ये अमेरिकेत सिनेटर मॅकार्थीचा जोर होता. जो दिसेल तो कम्युनिस्ट. त्याच्या हाताखालची रॉय कोन आणि डेव्हिड शाईन ही दोन तरुण पोरं युरोपात दौऱ्यावर निघाली. काम काय, तर तिथल्या अमेरिकी ग्रंथालयांत डाव्या लेखकांची पुस्तकं किती आहेत ते शोधणं. परराष्ट्र खातं घाबरलं, फर्मानं सुटली, ग्रंथपालांनी पुस्तकं काढून ठेवली. काही तर खरोखर जाळली गेली. हिटलरच्या लोकांनी बर्लिनच्या चौकात पुस्तकं जाळली त्याला तेव्हा वीसच वर्षं झाली होती. ज्या युरोपात ‘आमच्याकडे विचारांचं स्वातंत्र्य आहे’ हे दाखवायला लायब्ररी उघडली, तिथंच हे. जून महिन्यात अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी डार्टमथ कॉलेजात मुलांना जाहीरपणे सांगितलं की पुस्तकं जाळणाऱ्यांत सामील होऊ नका, ग्रंथालयात जाऊन हवं ते पुस्तक वाचायला भिऊ नका.

या प्रसंगात विषयाचा गाभा आहे. परदेशी ग्रंथालयावर लोक विश्वास ठेवतात ते तिथं त्या देशाची टीकासुद्धा मिळते म्हणून. टीका काढून टाकली की उरतं ते माहितीपत्रक. आणि माहितीपत्रक वाचायला उन्हातून कोण येतं? युनेस्को आणि ग्रंथालयांचा आंतरराष्ट्रीय महासंघ इफ्ला यांचा सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा आहे. पहिला मसुदा 1949 चा, ताजी आवृत्ती 2022 ची. ग्रंथसंग्रहावर राजकीय, धार्मिक किंवा वैचारिक सेन्सॉरशिप नको आणि बाजाराचा दबावही नको, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आपली दिल्ली पब्लिक लायब्ररी युनेस्कोच्याच प्रकल्पातून 1951 मध्ये उभी राहिली.

उघडं दार ही ग्रंथालयाची ताकद, आणि तीच त्याची दुखरी जागाही. वकिलातीला भिंत असते, पहारेकरी असतात. लायब्ररीला नसतात. नोव्हेंबर 1964 मध्ये काँगोतल्या कारवाईच्या रागानं कैरोत जमाव उसळला, तेव्हा त्यानं जाळलं ते अमेरिकेचं ग्रंथालय. राग धोरणावर होता आणि हाताला लागली पुस्तकं. अशा घटनांनंतर भिंती उंच झाल्या, दारात बॅगा तपासणं आलं, आणि पोलादी कमानीतून जाऊन मासिक चाळणाऱ्यांची संख्या आपोआप घटली. मग दुसरी वाट निघाली: स्वतःची इमारत नको, स्थानिक ग्रंथालयातच एक कोपरा मागायचा. ‘अमेरिकन कॉर्नर’ ही कल्पना 2000 च्या आसपास रशियातून सुरू झाली. शांघाय ग्रंथालय 2002 पासून परदेशातल्या ग्रंथालयांना चिनी पुस्तकांचा संच देतं, त्याचं नाव ‘शांघायची खिडकी’. खर्च कमी, पहारा नको, आणि वाचक आधीच तिथं बसलेला. इथं आपल्यासारख्या गावातल्या वाचनालयाचा संबंध येतो, कारण कोपरा द्यायचा की नाही आणि त्यात काय ठेवायचं, हे आता यजमानानं ठरवायचं आहे.

कोल्हापूरला यजमानपण नवीन नाही.

आपलं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं, ‘कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी’ या नावानं सुरू झालेलं. भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कुठं झाला असं विचारलं तर लोक मद्रास म्हणतात, 1948. त्याच्या तीन वर्षं आधी, 1945 मध्ये, कोल्हापूर संस्थानानं असा कायदा केला होता. जगात भारी म्हणायला आपल्याला तांबड्या-पांढऱ्याशिवायही कारणं आहेत, एवढंच. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा.

आणि कोल्हापूरनं आपला कायदा केला त्याच वर्षांत गावाशेजारी वळिवडेत जवळपास पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. 1940 पासून सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून त्यांना सैबेरियाकडे, कझाकस्तानाकडे हाकललं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती इथं आली. 1943 ते 1948 ही छावणी होती. शाळा, चर्च, नाटकाचा रंगमंच, सगळं. ती गेल्यावर त्याच जागेत फाळणीनंतर आलेले सिंधी लोक राहिले; आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर तिथलंच. महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान वॉर्सात गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूरच्या स्मारकापुढे त्यांनी फुलं वाहिली. पोलंडच्या राजधानीत आपल्या गावाच्या नावाचं स्मारक आहे, हे पेपरच्या टेबलावर कळलं तेव्हा दोन्ही तट पहिल्यांदा एका बाजूला आले.

(जाता जाता. त्याच काळात, 1944 मध्ये, वांदा दिनोव्स्का ही पोलिश लेखिका आणि मॉरिस फ्रीडमन यांनी मद्रासेत ‘पोलिश-भारतीय ग्रंथालय’ सुरू केलं. नाव ग्रंथालयाचं असलं तरी काम प्रकाशनाचं: भारतीय ग्रंथ पोलिशमध्ये आणायचे, पोलिश साहित्य इकडे ओळखीचं करायचं. फ्रीडमन म्हणजे आपल्या शेजारच्या औंध संस्थानच्या स्वराज्याच्या प्रयोगात राबलेला माणूस. पोलंडचं सरकार तेव्हा लंडनमध्ये परागंदा होतं. राज्य नसतानाही राजनय चालतो तो असा.)

त्याआधीचा धागा आणखी लांबचा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये विलायतेला गेले. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला 30 नोव्हेंबरला वारले, विशीतच. नदीकाठी, आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर, खास परवानगीनं त्यांना अग्नी दिला गेला. त्या जागी छत्री आहे, तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. आणि जवळच्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. प्रवासात महाराजांनी इंग्रजीत दैनंदिनी ठेवली होती. ती कॅप्टन वेस्ट यांच्या संपादनाखाली 1872 मध्ये लंडनला छापली गेली.

म्हणजे एका मध्यम आकाराच्या जिल्ह्याच्या गावाकडे एक इटालियन धागा आहे, एक पोलिश धागा आहे, आणि विद्यापीठात परकीय भाषांचा विभागही आहे. आता फ्लॉरेन्सचा एखादा शिक्षक किंवा वळिवडेत जन्मलेल्या बाईची नात इथं आली, तर तिला कलेक्टर कचेरीत काम नसतं. तिला आजीची शाळा कुठं होती ते बघायचं असतं, जुना फोटो हवा असतो, त्या वर्षांतला स्थानिक पेपर काय म्हणत होता ते कुणीतरी वाचून सांगायला हवं असतं. ती वाचनालयातच येणार. समोरच्या ग्रंथपालानं संदर्भ विभागातून नेमका गठ्ठा काढून दिला आणि चहा मागवला, तर भारत सरकारनं न खर्चलेल्या पैशांत भारताचं काम झालं.

देणगी मिळाली म्हणून सगळंच घ्यावं असं मात्र नाही. तालुक्याच्या एका वाचनालयात परदेशातून आलेले खोके मी पाहिलेत. समारंभ झाला, फीत कापली, फोटो झाले. आत निघालं काय? वीस वर्षांपूर्वीच्या संगणक प्रणालीची जाडजूड पुस्तकं आणि कुठल्यातरी राज्याच्या करविषयक कायद्याचे खंड. दाखल नोंदवहीत चढवलेलं पुस्तक सहजासहजी काढून टाकता येत नाही, त्यामुळे ते खंड दोन कपाटं अडवून आजही उभे आहेत आणि दिवाळी अंक जमिनीवर. वाटीत काय घालून पाठवायचं याचा विचार न केलेली ही वाटी. घेणाऱ्यानंही ‘आम्हाला हे नको, हे हवं’ म्हणायला शिकलं पाहिजे. आपल्याकडे संकोच आडवा येतो. शिवाय अनुदान उशिरा येतं, सेवकांचा पगार जेमतेम, आणि अशा ठिकाणी फुकट पुस्तकाला नाही म्हणायला छाती लागते.

येणंजाणं देशाबाहेरच असतं असंही नाही. अमेरिका आणि कॅनडाच्या हद्दीवर, व्हरमाँट आणि क्वेबेकच्या मधोमध, 1904 मध्ये उघडलेलं हॅस्केल ग्रंथालय आहे. मुद्दाम सीमेवर बांधलेलं. आत जमिनीवर काळी रेघ: मुख्य दार अमेरिकेत, बहुतेक पुस्तकं कॅनडात. प्रवासबंदीमुळे एकमेकांकडे जाऊ न शकणारी इराणी कुटुंबं तिथं येऊन भेटत. 2025 मध्ये कॅनडातून त्या दारानं येण्यावर अमेरिकेनं बंधनं आणली, तेव्हा कॅनडाच्या बाजूला नवं दार करायची वेळ आली. हे वाचताना मला निपाणी आठवतं, इलाज नाही. शिरोळ आणि गडहिंग्लजकडे घरात कानडी बोलणारी आणि शाळेत मराठी शिकलेली कितीतरी माणसं आहेत. सीमाप्रश्न कोर्टात आहे, तो तिथं सुटेल तेव्हा सुटो. पण सीमेच्या अलीकडच्या वाचनालयात कानडी पुस्तकांचं एक कपाट आणि पलीकडे मराठीचं एक, एवढ्याला कुठल्या कोर्टाची गरज आहे? बस अडवली जाते त्या दिवशीही ते कपाट उघडं राहू शकतं.

या सगळ्याचा उपयोग मोजायचा कसा, असं लोक विचारतात. प्रामाणिक उत्तर: फारसा मोजता येत नाही. किती पुस्तकं गेली, किती सभासद झाले, हे मोजता येतं. गुलाबाच्या छाटणीवर तीन पुस्तकं वाचलेला पोरगा तीस वर्षांनी काय विचार करेल, हे कुठल्या तक्त्यात घालणार? म्हणून खर्चकपात आली की पहिली कात्री इथंच बसते. पाच तासांच्या लष्करी खर्चाशी तुलना करणाऱ्याला हे पटवणं अवघड आहे, आणि मला वाटतं पटवायच्या भानगडीत पडूही नये.

मोजता येण्यासारखी एक अडचण मात्र आहे, ती तालिकेची, म्हणजे वाचनालयातल्या पुस्तकांच्या यादीची. तुमच्याकडे वळिवडेवर दहा पुस्तकं असतील, पण ती नोंदवहीत फक्त मराठीत, तीही ‘वळीवडे’, ‘वळिवडे’, ‘वलीवडे कॅम्प’ अशा तीन तऱ्हांनी लिहिलेली असतील, तर वॉर्सातल्या माणसाला ती शोधून सापडणार नाहीत. त्याच्या दृष्टीनं ती पुस्तकं नाहीतच. मागच्या महिन्यात मी आमच्या वाचनालयाच्या संगणकावर राजाराम महाराजांची दैनंदिनी शोधली. कोल्हापूर रोमन लिपीत आपण आज लिहितो तसं टाकलं: काही नाही. मग आठवलं, वेस्ट साहेबानं शेवटी दोन ओ लावले आहेत. तसं टाकलं, तरी काही नाही. देवनागरीत टाकलं, नाही. ग्रंथपाल बाईंना विचारलं तर त्या हसल्या, आत गेल्या आणि पाच मिनिटांत झेरॉक्स काढून बांधलेली प्रत घेऊन आल्या. ‘प्रवासवर्णन, इंग्रजी’ या खणात होती. दाखल क्रमांक होता, विषयात कोल्हापूर नव्हतं.

“मग बाहेरच्यांना कसं सापडायचं हे?” मी म्हटलं.

“खरंय तुमचं,” त्या म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली, नोंद उघडली आणि मला विचारलं, “फ्लॉरेन्सचं स्पेलिंग इटालियन लोक कसं करतात हो? फिरेंझे ना? ते पण घालून ठेवते.”